खडकाकडे का आलास, भाऊ

भाऊ,

तुझी गंधमुक्ती होऊन, सुतक फिटून, चार दिवस झाले. मी पारोळ्याला परत आले आहे. हे कामावर गेले, पोरगी शाळेत गेली, आणि तिच्या मागच्या वर्षीच्या वहीत कोरी राहिलेली पानं होती त्यांवर मी हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. आता लिहून काही होणार नाही, तेही मला कळतं. पण मला तुझा राग आला आहे, आणि दुखवट्याला दारावर आलेल्या बायकांमध्ये बसून मेलेल्या भावाचा राग आला असं म्हणता येत नाही.

माहेरी सगळे तुझे गुण गात होते. गावाच्या फाट्यावर तुझा मोठा फोटो लावला आहे आणि त्याखाली पट्टीचा पोहणारा असं छापलं आहे. तुझ्या नरडाण्याच्या कंपनीतल्या त्या दोघा मित्रांनी तुझा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. तू समुद्रात उताणा पडून तरंगतो आहेस, हात हलवतो आहेस, खाली फुलांचं आणि दिव्याचं चित्र. तू हसतोस तिथं तो व्हिडिओ संपतो. पुढचं ज्यांनी पाहिलं त्यांच्यात मी आहे.

समुद्रानं ओढून नेलं, असं सगळे म्हणतात. आपल्याकडे विहिरीत कोणी गेलं की पाण्यातल्या आसरांनी ओढलं म्हणतात, तसंच हे. मी ऐकून घेत होते. तुला कोणी ओढलं नाही, भाऊ. तू स्वतः खडकाकडे आलास.

आपल्या मळ्यातल्या विहिरीत तू निम्म्या गावाला पोहायला शिकवलंस. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळपासून पोरं कठड्यावर रांगेनं बसलेली असायची. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि वरून ढकलून द्यायचं. पोरगं बोंबलत खाली जायचं, वर यायचं, नाकातोंडात पाणी गेलेलं, आणि तू पायरीच्या दगडावर उभा राहून एकच गोष्ट ओरडायचास. कड धर. दम लागला, कड धर. घाबरला, कड धर. विहिरीची भिंत चार हातांवर असायची. ती हाताला लागली की पोरगं वाचलं. तुझी सगळी विद्या त्या एका गोष्टीवर उभी होती, आणि ती खोटी नव्हती. त्या विहिरीत एकही पोर दगावलं नाही.

मलाही तू एक दिवस शिकवलं होतंस. मी तेव्हा चौथीत होते. एकच सकाळ. डबा बांधून तू मला हळूच पायरीवरून सोडलंस, ढकललं नाहीस. पाणी थंडगार होतं आणि माझा परकर फुग्यासारखा वर आला म्हणून तू हसलास. मी कड धरली, तू सोडवलीस, मी परत धरली. तिसऱ्या वेळी मी पलीकडच्या मोटारीच्या पाईपपर्यंत जाऊन आले. घरी येऊन मी मायला सांगितलं, आणि दुपारपर्यंत शेजारच्या काकूंनी आबांच्या कानावर घातलं की पोरगी पोरांच्या विहिरीत उतरते. आबांनी मला काही म्हटलं नाही. तुला म्हणाले, परत तिला नेऊ नको. तू नेलं नाहीस. पोरी विहिरीत का नको, हे तू त्यांना विचारलं नाहीस. त्याच वर्षी माझी शाळाही सुटली, आणि त्याबद्दलही तू काही विचारलं नाहीस. तू तेव्हा तेरा वर्षांचा होतास, हे मला माहीत आहे. पण चाळीस वर्षांचा झाल्यावरही विचारलं नाहीस. दोन वर्षांपूर्वी मी तुला म्हटलं, माझ्या पोरीला शिकव. तू म्हणालास, पुढच्या वर्षी पाहू.

मी कमी बोलते. लहानपणापासून तशीच आहे. तू मला मुकी म्हणायचास, सगळ्यांसमोर, प्रेमानंच म्हणायचास. पाहुणे आले की सांगायचास, ही आमची मुकी, हिला विचारू नका, ही चहा देईल आणि पळेल. सगळे हसायचे. मीही हसायचे. तुझा मला राग नव्हता, भाऊ, खरंच नव्हता. दर आखाजीला, अक्षय तृतीयेच्या माहेरपणाला, तूच मला न्यायला यायचास. कंपनीतून सुटून मोटारसायकलवर थेट पारोळ्याला, अंगाला मशीनच्या तेलाचा वास, आणि दारातूनच ओरडायचास की दोन मिनिटांत पिशवी घे. यांना कावीळ झाली तेव्हा तू रोज येऊन गेलास, एकही दिवस चुकला नाहीस. उसाचा रस, भाताची पेज, डॉक्टरचा कागद, सगळं तू पाहिलंस. मी ते विसरले नाही. 

समुद्र पाहायचं वहिनीच्या मनात होतं, हे खरं. लग्नाला वीस वर्षं झाली आणि आपण दोंडाईच्याच्या पुढे गेलो नाही, असं ती हसून म्हणायची. तूच मग मनावर घेतलंस. गाडी ठरवली, कंपनीतल्या त्या दोघांना बायकांसह बोलावलं. मला घ्यायचं वहिनीनंच लावून धरलं. ताई कधी कुठं गेली नाही, ताई आलीच पाहिजे. मी पोरीला जावेकडे ठेवून आले. तुझा राहुल बारावीला, म्हणून तो मायजवळ राहिला. गाडीत तू दोन दिवस गाणी लावलीस. वहिनी खिडकीशी बसून नारळाची झाडं मोजत होती आणि शंभर झाली की परत एकपासून सुरू करत होती.

ज्या गावाला उतरलो तिथं वाळू थोडी आणि खडक फार. वाळूचा छोटा पट्टा एका टोकाला होता, तिथं गावातली पोरं खेळत होती. तू म्हणालास वाळूत काय पोहायचं, गुडघाभर पाण्यात म्हशी बसतात. खडकापाशी पाणी खोल आणि निळं होतं. तुला ते विहिरीसारखं वाटलं असणार. वरून सूर मारायला उंच दगड, खाली खोल पाणी. मलाही तसंच वाटलं.

पुरुष माणसं कपडे काढत होती म्हणून मी थोडी बाजूला गेले. तिथं एक बाई खडकावरची कालवं फोडत बसली होती. कालवं म्हणजे शिंपल्यासारखा जीव, खडकाला चिकटून वाढतो, त्याची धार चाकूसारखी असते. तिच्या हाताला किती जुन्या चिरा होत्या. मी नुसती पाहत उभी राहिले. तिनंच विचारलं, कुठून आलात, तुमची माणसं पोहणार काय. मी मान हलवली. मग ती काम थांबवून बोलली. माझ्याशी एवढं कोणी समजावून बोलत नाही.

तिनं मला खडकावरचा काळा ओला पट्टा दाखवला. पाणी कुठपर्यंत येतं ते तो पट्टा सांगतो, त्याच्या खाली उभं राहायचं नाही, आणि त्यावरचं शेवाळ पायाखाली आलं की माणूस गेला. आत जायच्या आधी नुसतं बसून बघायचं, म्हणाली. चार लाटा लहान येतात, पाणी शांत दिसतं, माणसाला वाटतं रोजचं असंच आहे. मग मोठ्या येतात, एकामागे एक. त्या आल्याशिवाय पाण्याची ओळख पटत नाही. आत कुठून जायचं ते कोणालाही सापडतं, बाहेर कुठून यायचं ते आधी ठरवून ठेवावं लागतं. आणि आज भरती चढते आहे, आज इथं नकोच.

मग तिनं जे सांगितलं ते मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं.

"आत असताना पाणी खवळलं तर खडकाकडे यायचं नाही. खडकापासून लांब बाहेर जायचं. तिकडे पाणी फुटत नाही, तिकडे निवांत तरंगायचं आणि वळसा घालून वाळूवर यायचं. कितीही वेळ लागू दे. खडक धरायला गेला तो फुटला."

मी तुझ्याकडे परत आले. तू कमरेला टॉवेल बांधून दंडावर थापट्या मारत होतास. मी जवळ येऊन हळू म्हटलं, भाऊ, ती बाई म्हणते आज भरती आहे, इथं नको. घाबरला तर खडक धरू नको म्हणते, लांब जायचं म्हणते. एवढं मी एका दमात बोलले. माझ्या मानानं ते फार होतं.

तू मित्रांकडे पाहिलंस आणि मोठ्यानं म्हणालास, "मुकी, तू मले पाणी शिकाडस का?"

ते दोघे हसले. एक जण म्हणाला की ताई, तापीचा पूर भाऊंना ओळखतो, समुद्राचं काय घेऊन बसल्या. त्यांच्या बायकाही हसल्या. वहिनी तेवढी हसली नाही, ती चपला काढत होती, तिनं नीट ऐकलंच नव्हतं. मीही थोडी हसले, नेहमीसारखी. आणि मागे जाऊन दगडावर बसले. परत सांगितलं नाही.

हे मी रोज मोजून पाहते. तू टॉवेल काढलास, पाण्याला नमस्कार केलास, दगडाच्या टोकाशी गेलास, मित्राला मोबाईल धरायला सांगितलंस. तेवढ्या वेळात मला परत सांगता आलं असतं. तुझा हात धरता आला असता. वहिनीला सांगता आलं असतं, तिनं ऐकलं असतं. मी दगडावर बसून पदराला गाठ मारत होते.

तू सूर मारलास आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली दहा मिनिटं फार छान होती. ते मी नाकारत नाही. तू उताणा पडलास, पालथा झालास, बुडी मारून दुसरीकडे निघालास. वहिनी लहान मुलीसारखी हसत होती. मलाही वाटलं की बाई उगाच घाबरवते. मग मोठ्या लाटा आल्या. पहिलीनं तुला उचललं आणि खाली सोडलं. दुसरी तुझ्या डोक्यावरून गेली. तू वर आलास, तोंड पुसलंस. मागून आणखी मोठी लाट येत होती, मी तिकडे पाहिलं, आणि परत तुझ्याकडे पाहिलं तेव्हा तू दगडाकडे वळलेला होतास. जिथून उडी मारली होती तिथंच.

तेव्हा मला कळलं की तुला भीती वाटली आहे. गावात कोणाला हे सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही. तुला दम लागला होता, तू घाबरला होतास, आणि इतक्या वर्षांत पोरांना जे ओरडून सांगितलंस तेच तुझ्या हातापायांनी केलं. कड धरायला निघालास.

तोवर सगळे दगडाच्या टोकाशी धावले होते. इकडे, इकडे या, हात द्या. वहिनी पालथी पडून हात खाली करून ओरडत होती, या, अहो या ना इकडे. त्या सगळ्यांत मला एकटीला माहीत होतं की तू उलट जायला हवंस. मी उभी राहिले. मी बाहेर जा असं म्हटलं. शेजारच्या बाईला मीठ मागावं तेवढा आवाज आला. परत म्हटलं. त्याहून मोठा आला नाही.  भाऊ, मी जन्मात कधी ओरडले नव्हते. घरात कोणी मला ओरडू दिलं नाही, तूही नाही, आणि त्या दिवशी माझ्या ओरडण्यावर तुझा जीव होता.

तू एकदा खडक धरलास. मी पाहिलं, दोन्ही हातांनी धरलास. पाणी खाली गेलं आणि तू लटकत राहिलास, तुझे तळवे त्या कालवांवर कापले, खडकावर लाल झालं. मग पाणी परत आलं. त्याच्या पुढचं मी लिहिणार नाही.

मी धावत त्या बाईकडे गेले. ती आधीच उठली होती. तिच्याकडे दोर होता, त्याला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधलेला. तिनं तो फेकला, बरोबर जागी पडला, पण धरायला तुझे हात वर नव्हते. नंतर होडीवाले आले आणि त्यांनी तुला वाळूच्या पट्ट्यावर आणून ठेवलं, जिथं पोरं खेळत होती. ती बाई माझ्याजवळ उभी होती. तिनं विचारलं, सांगितलं होतंस ना त्यांना. मी मान हलवली. मी एकदाच सांगितलं, हे तिला सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर वहिनी रडली नाही. तुझी चप्पल मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी होते.

घरी मायनं तिला त्याच दिवसापासून वाळीत टाकलं. तुला माहीत आहे माय कशी आहे. शिव्या दिल्या नाहीत, हात उचलला नाही. फक्त तिच्याशी बोलणं बंद. दारावर येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच सांगायची, समुद्र देखानी हौस व्हती ना तिले. बायका वहिनीकडे पाहायच्या आणि पदर डोळ्याला लावायच्या. कोणी तिला चहाला उठ म्हटलं नाही. राहुल ऐकत होता. चौथ्या-पाचव्या दिवशी तोही आईजवळ बसेनासा झाला. बाप गेला आणि आईमुळे गेला, हे त्या पोराच्या डोक्यात बसत चाललं होतं, आणि मी तिथंच भाकरी भाजत होते.

मी तेव्हाही गप्प होते, हे तुला सांगते. कारण बोलायचं तर तुझं नाव खाली येणार होतं. फाट्यावर तुझा फोटो लावला होता. विहिरीत शिकलेली पोरं, आता बापे झालेली, पुढे होऊन सगळी कामं करत होती. त्यांना काय सांगू, की तुमच्या गुरूला एका कालवं काढणाऱ्या बाईनं अक्कल सांगितली आणि तो हसला? आणि दुसरं म्हणजे माझंही पाप उघडं पडणार होतं. मला त्याचीच जास्त भीती होती. तुझ्या नावाचं मी निमित्त करत होते.

गंधमुक्तीच्या दिवशी जेवणं उरकली. घरातल्या बायका शेवटी बसल्या. मायनं सगळ्यांना वाढलं आणि वहिनीच्या पत्रावळीपाशी येऊन ती न वाढताच पातेलं घेऊन पुढे गेली. राहुल ओट्यावर उभा राहून पाहत होता. वहिनी कोऱ्या पत्रावळीपुढे खाली मान घालून बसून राहिली, उठलीही नाही.

मी म्हटलं, "माय, वहिनीमुळे नाही झालं. भाऊला मी सांगितलं होतं, आज उतरू नको, खडक धरू नको. तो हसला."

सगळ्या बायका थांबल्या. माय पातेलं घेऊन माझ्यासमोर आली. आधी तिला कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, बाई, भरती, काळा पट्टा, लांब जायचं, सगळं. तू काय म्हणालास तेही सांगितलं, जसंच्या तसं. राहुल ओट्यावरून आत आला होता. त्याच्याकडे पाहून मी सांगितलं की तुझा बाप चांगला पोहणारा होता, विहिरीचा. समुद्राचं त्याला माहीत नव्हतं आणि माहीत नाही असं म्हणायची त्याला सवय नव्हती. भाऊ, हे मी तुझ्या पोराला सांगितलं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

 मायनं विचारलं, "मंग परत काब्र नही सांगं तू?"

का नाही सांगितलंस परत. तिला मी काय सांगणार होते? की या घरात माझं एकदा बोलणंही जास्त व्हायचं, आणि ते तूच ठरवलं होतंस, माय? मी फक्त म्हटलं, परत सांगायला पाहिजे होतं. तेही खरंच आहे.

मायनं वळून वहिनीला वाढलं. भात वाढला, वरण वाढलं, बोलली नाही, पण वाढलं. राहुल जाऊन आईजवळ बसला. माझ्या पत्रावळीकडे माय परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना ती ओसरीवर आली नाही. हे म्हणाले, चल, सध्या राहू दे. आता आखाजीला मला न्यायला कोण येईल, हा प्रश्नच राहिला नाही. मला नाही वाटत माय बोलावणं पाठवील. मी ते घर घालवलं. तुझ्या बायकोला आणि पोराला तिथं जागा राहावी म्हणून घालवलं, आणि थोडं माझ्या पापाचं म्हणून. तू असतास तर तूच मिटवलं असतंस, मोठ्यानं हसून, मला चार शब्द लावून. त्या हसण्याची मला आठवण येते आणि त्याच हसण्याचा मला राग येतो. दोन्ही वेगळं करता येत नाही.

वहिनी फाट्यापर्यंत चालत आली. तुझ्या फोटोखालीच आम्ही एसटीची वाट पाहत उभ्या होतो, ती वर पाहत नव्हती. एसटी आली, हे पिशव्या घेऊन चढले, मी खिडकीशी बसले. तेव्हा ती खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "ताई, मी या म्हटलं म्हणून आले का हो ते खडकाकडे?"

ती इतके दिवस हे घेऊन बसली होती. माय बोलत नव्हती त्याचं तिला काहीच नव्हतं.

गाडी सुरू झाली होती, इंजिनाचा फार आवाज होता. मी खिडकीतून वाकून ओरडले, नाही. सगळी एसटी माझ्याकडे पाहायला लागली. मी परत ओरडले, नाही वहिनी, त्यानं तुझं ऐकलंच नव्हतं, तो आधीच वळला होता.

तू आधी वळलास की तिनं हाक मारली म्हणून वळलास, ते मी पाहिलं नाही, भाऊ. मी तेव्हा मोठ्या लाटेकडे पाहत होते.